एलिझाबेथबाईचा कमरेएवढा वाफा

मी वाफा बोलतोय. जमिनीत आळं करून पाणी सोडतात तसला नव्हे. मी जमिनीवर बसलेला आहे, पण माझं डोकं माणसाच्या कमरेला लागतं. अंग लाकडाचं, पोट मातीचं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की कुणी मोठं खोकं अंगणात विसरून गेलंय.

घोडनदीच्या काठी शिरूर. शिरूरात जुन्या मिशनच्या आवाराला लागून एक पत्र्याचं घर. त्या घरात एलिझाबेथबाई, तिचा लेक टोनी आणि सून फेथ. पलीकडच्या घरात भिमाजीआबा आणि त्यांची कारभारीण साखरबाई. दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात मी. गोष्ट एवढ्याच माणसांची आहे. आणखी दोन-चार जण येतील, त्यांची ओळख आल्यावर करून देईन.

माझ्या जन्माच्या आधीचं थोडं सांगावं लागेल. ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. माझी कड टेकायला सोयीची आहे. माणूस टेकला की बोलतो, त्यामुळे मला पुष्कळ ऐकू येतं.

एलिझाबेथबाईनं उभा जन्म दवाखान्यात आयाचं काम केलं. ड्युटीवरून आली की पदर खोचायची, अंगणात उकिडवी बसायची आणि खुरपं हातात घ्यायची. मेथी, कोथिंबीर, मुळे, चार वांगी. जागा हातरुमालाएवढी, पण तिच्यात तण म्हणून दिसायचं नाही.

दिवाळी सरली की त्यांच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. ज्यानं-त्यानं आपल्या हातचं पहिलं पीक आणून वेदीपुढं ठेवायचं. कुणी कणसं आणतो, कुणी ऊस, कुणी पाय बांधलेला कोंबडा. ज्याला शेत नाही तो घरी केक करून आणतो. भक्ती, म्हणजे उपासना, झाली की तिथंच सगळ्याचा लिलाव. एलिझाबेथबाई लग्न होऊन शिरूरला आली तेव्हापासून तिची टोपली एका सणाला चुकली नाही, आणि तिच्या टोपलीत विकतचं पान कधी पडलं नाही.

ईस्टरच्या आधी तिचा न्हाणीत पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून घरात फिरायला लागली. डॉक्टरनं सांगितलं, आता खाली बसायचं नाही. उकिडवं तर मरेपर्यंत नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, “यंदा सणाला मी येणार न्हाई. तुम्ही दोघं जा.”

फेथ म्हणाली, “आई, मी मार्केट यार्डातून ताजी जुडी आणते की. कोण बघतंय?”

“ज्याच्यापुढं ठेवायची, तो बघतो.”

 मग तिनं आपली खुर्ची अंगणाकडं पाठ करून ठेवायला सांगितली. वेडीवाकडी वाढलेली हरळी तिला दिसायला नको होती.

आता टोनी. टोनी शिक्रापूरकडच्या एका कंपनीत कंत्राटावर स्टोअरमध्ये होता. कंत्राटी माणसांना काही महिने झाले की ब्रेक देतात. म्हणजे घरी बसवतात आणि ‘बोलावू’ म्हणतात. टोनीला बसवलं होतं. सकाळी तो उशीवर मोबाईल ठेवून पडायचा. तो वाजला की दचकून घ्यायचा, मग कुठल्यातरी लोनवाल्याचा आवाज ऐकून परत ठेवायचा. फेथ एका खासगी दवाखान्यात नर्स. ती डबा घेऊन निघाली की घरात दोघं उरायची. आईची अंगणाकडं पाठ आणि लेकाची दाराकडं.

एक दिवस तो पडल्यापडल्याच म्हणाला, “आईला खाली बसता येत नाही ना? मग आपण जमीनच वर आणू.”

फेथ चपला घालत होती. “जमीन वर आणणार म्हणे. आधी अंथरुणातून तुम्ही वर या.”

पण तो खरंच उठला. त्यानं आईला वॉकर धरून उभं केलं, टेप काढली आणि जमिनीपासून तिच्या मनगटापर्यंतचं माप घेऊ लागला.

“मयताच्या पेटीचं माप घेतोस का रे?”

“आई! काहीतरीच काय बोलतीस?”

“घे, घे. पण जरा सैल घे. आखडून झोपायला मला जमत न्हाई.”

टोनीनं आकडा कागदावर लिहून घेतला. ते माप माझं होतं.

माझ्या फळ्यांनी माझ्याआधी जग पाहिलं आहे. कंपनीत मोठ्या मशिनी येतात त्या लाकडी पॅलेटवर बसून. मशीन आत जाते, पॅलेट बाहेर भंगारात पडतं. टोनी स्टोअरचा माणूस, त्याला भंगारवाला ओळखीचा. त्यानं पॅलेटांची चळतच्या चळत उलटीपालटी केली. काही लाकडांना कीड लागू नये म्हणून विषारी औषधाची धुरी देतात आणि तसा शिक्का मारतात. तसल्या फळ्या त्यानं बाजूला काढल्या. जी लाकडं नुसती उष्णता देऊन वाळवलेली होती, तेवढी घेतली. टोनीचा दोस्त दत्ता, त्याचा टेम्पो शिक्रापूरहून रिकामा परत यायचाच, त्यात टाकली.

खिळे उपटून, सरळ करून तेच परत ठोकले. आतून ओल लागून लाकूड कुजू नये म्हणून अस्तर हवं होतं. दत्तानं एक जुना फ्लेक्स आणून दिला. कुणा दादांच्या वाढदिवसाचा. गॉगल लावलेले दादा आणि खाली त्यांच्या मित्रांचे पन्नास फोटो. तो टोनीनं आतल्या बाजूनं ठोकला. माझ्या पोटात अजून ती सगळी मंडळी शुभेच्छा देत उभी आहेत.

असा मी जन्मलो. आणि रिकामा राहिलो.

वाफा बांधणं सोपं असतं, भरणं अवघड. कमरेएवढं खोकं म्हणजे मातीची केवढी भूक! टोनीनं नर्सरीत लाल मातीच्या पोत्यांची चौकशी केली आणि घरी येऊन फेथला सांगितलं. ती म्हणाली, “एवढ्या पोत्यांच्या पैशांत आपण तिघं महिनाभर जेवू. त्यापेक्षा आईंना मेथीच सोन्याची करून देऊ.” नदीकाठचा पोयटा ट्रॉलीनं मिळाला असता, पण ट्रॉलीवाला पण फुकट येत नव्हता.

नेमकं त्याच आठवड्यात भिमाजीआबांच्या दारात जेसीबी उभा राहिला.

आबांचं जुनं घर धाब्याचं होतं. तुळया, तुळयांवर लाकडं, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मुलगा सत्यजीत तिथं स्लॅब टाकणार होता, तोवर सगळ्यांचं बिऱ्हाड मागच्या पत्र्याच्या खोलीत. सकाळी सुरू झालं आणि दुपारी घराच्या जागी मातीचा ढीग होता. आबा ढिगाशेजारी टोपी हातात घेऊन उभे होते. सत्यजीत म्हणत होता, “आबा, ही घाण इथनं हलवायची.” 

मग आबांची नजर माझ्यावर पडली.

“टोनी, तुला माती लागती म्हन्लास न्हवं?”

“लागती ना, आबा.”

“मग ही घे. अरं, आसली माती तुला कुठं घावायची न्हाई. माझ्या बापानं घातलेली हाय. बापाच्या हयातीत आन् माझ्या हयातीत या मातीनं घरात पान्याचा थेंब पडू दिला न्हाई. एक थेंब न्हाई!”

टोनीनं मान डोलावली. दत्तानंही डोलावली. पाण्याचा थेंब खाली जाऊ न देणारी माती मेथीला काय उपयोगाची, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माणसं वस्तूचं कौतुक ऐकतात, ते कौतुक कशाचं चाललंय ते ऐकत नाहीत. मी सांगू शकत नव्हतो. शिवाय मला तेव्हा पोट भरण्याशी मतलब.

टोनीनं खरं तर खालच्या अंगाला बाभळीच्या फांद्या, नारळाच्या शेंड्या आणि उसाचं पाचट घालायचं ठरवलं होतं. भर स्वस्तात होते आणि हलकी राहते. पण माती फुकट आणि ढीगभर मिळाल्यावर पाचट कोण गोळा करतो? पाट्यांवर पाट्या ओतल्या. मी तुडुंब भरलो.

एवढ्यावरही आबांचं समाधान होईना. “आरं, आशी भुसभुशीत ठेवत्यात व्हय? बसवाय नगं का?” म्हणून ते स्टुलावर चढले आणि स्टुलावरून माझ्यात उतरले. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ते धाब्यावर चढून माती तुडवायचे, तसे धोतराचा काष्टा आवळून माझ्या पोटावर नाचू लागले.

साखरबाई खोलीच्या दारातून ओरडली, “अवो, उतरा खाली! लोकांच्या मोडक्या फळ्या मोडाल आन् सोताची हाडं पन मोडाल. मग बाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकावी लागंल.”

“तुला काय कळतंय? माती बसली पायजे.”

माती बसली. चांगली बसली. माझ्या फळ्या बाहेरच्या अंगाला फुगल्या, तेव्हा टोनीनं आडव्या तारा ओढून मला आवळलं. वरून बोटभर शेणखत पसरलं. दिसायला मी काळाभोर आणि तेजदार झालो.

हे चाललं तेव्हा एलिझाबेथबाई घरी नव्हती. तिची थोरली बहीण ग्रेसबाई दौंडला राहते. नवरा रेल्वेत होता, आता ती पेन्शनीवर आहे. हवापालट म्हणून ती धाकटीला घेऊन गेली होती. टोनीला आई परत यायच्या आत सगळं करून दाखवायचं होतं.

ती आली, वॉकर टेकत अंगणात आली आणि माझ्यापुढं थांबली. तिचं मनगट बरोबर माझ्या कडेवर टेकलं. तिनं वॉकर सोडला. दोन्ही तळवे मातीवर ठेवले आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. टोनी पाठीमागं उभा होता, तो उगाच हातातला हातोडा पुसत राहिला.

“मेथी आण रे,” ती म्हणाली. “आजच टाकू.”

उभ्यानं बी टाकलं. त्या दिवशी खुर्चीचं तोंड अंगणाकडं फिरलं.

मग पाऊस लागून राहिला.

शेणखतात बी उगवलं. दोन-दोन पानं आली. पावसानं मी भरलो आणि भरलेलाच राहिलो. पाणी खाली जाईना. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. मेथी पिवळी पडली, मग आडवी झाली, मग तिचा वास यायला लागला. एक बेडूक माझ्यात राहायला आला. तो सुखी होता.

उघडीप मिळाल्यावर एलिझाबेथबाई बाहेर आली. तिनं चिखलात हात घातला. वरचं काळं बाजूला सारून खालची मूठभर माती उचलली. अंगठ्यानं दाबली, वळली, गोळी केली. गोळी फुटेना.

“टोनी.”

“काय आई?”

“तू मला वाफा न्हाई, हौद बांधून दिलास बाबा.”

तिला हसू आलं. हसताहसता तिनं विचारलं, “ही धाब्याची माती ना? माहेरी आईबरोबर पाट्या डोक्यावर घेऊन मी चढवायचे ही वर. पाणी अडवायची माती हाय ही. कुठनं आणलीस?”

टोनीनं सांगितलं. तिचं हसू गेलं.

“उद्याच काढून टाकतो सगळी,” टोनी म्हणाला.

“कुठं टाकणार? आबांच्या दारापुढं? त्यांच्या बापाच्या घराची माती हाय ती. घर गेलं, तेवढीच राहिली होती. ती त्यांनी आपल्याला दिली, वर स्वतः तुडवून दिली.”

“मग ठेवायची?”

“ठेवून काय करू? बेडूक नेऊ सणाला?”

टोनी आत गेला आणि उशीवर मोबाईल ठेवून आडवा झाला. परत पहिल्यासारखं. मी अंगणात हिरवट पाणी घेऊन बसलो. दिवस जात राहिले. नवरात्राचे मांडव गावात उभे राहिले. आता बी पडलं नसतं तर सणाला हाती काही आलं नसतं. आबा रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन विचारायचे, “काय म्हन्ती माझी माती?” आणि टोनी म्हणायचा, “चांगली आहे, आबा.” आबा पाणी साचलेलं बघायचे आणि पोराची पाठ थोपटावी तशी माझी फळी थोपटून जायचे.

फेथ एका रविवारी चर्चहून आली ती तडकलेलीच होती. “तुम्ही दोघं एका मातीपायी तोंड शिवून बसलाय. आबा रुसले तर रुसतील. सण थांबणारे का? लिलाव पुकारणारे याकोबमामा आज विचारत होते, बाईंची टोपली यंदा धरायची का नाही. मी काय सांगू?”

एलिझाबेथबाईनं दारातून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “चहा ठेव. आणि आबांना, साखरबाईला बोलाव. खुर्च्या वाफ्याजवळ टाक.”

त्यापूर्वी टोनीनं मला पाटीनं उपसून वरचं पाणी काढलं. चौघं माझ्याभोवती बसले, पाचवा टोनी उभा. एलिझाबेथबाईनं फेथकडून तांब्या घेतला आणि माझ्या मधोमध पाणी ओतलं.  चहा आला. आबांनी बशीत ओतला, फुंकला. जुन्या घराच्या गोष्टी निघाल्या. साखरबाईनं सुनेची एक तक्रार सांगितली, ती इथं सांगण्यासारखी नाही. चहा संपला, बश्या खाली ठेवल्या.

तांब्याभर पाणी होतं तसं होतं. त्यात आभाळ दिसत होतं.

“बगा बाई!” आबांनी मांडीवर थाप मारली. “हाय का न्हाई? एक थेंब...”

आणि ते थांबले.

पाण्याकडं बघितलं. कुजून काळ्या पडलेल्या मेथीच्या काड्यांकडं बघितलं. मग टोनीकडं.

“तू मला चांगली हाय म्हन्ला व्हतास.”

टोनी रिकाम्या बश्या गोळा करू लागला.

“म्हंजी माझ्या बापाची माती नापास?”

साखरबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू पदराबाहेर आलं. “आन् वर नाचून आला! चांगली घट बसीवली! मेथीनं श्वास घ्यायचा तरी कुठनं?”

“तू गप ग!”

“नापास कशी आबा?” एलिझाबेथबाई म्हणाली. “तिला जे काम शिकवलं ते ती करतीय. घरावरनं उतरली तरी करतीय. आपणच तिला भलतीकडं बसवलं. मी आधीच सांगायला पायजे होतं, पण तुम्हाला कसं सांगावं कळंना.”

आबा उठले. मला वाटलं गेले. ते माझ्याभोवती फिरले. फळीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ लागला त्यांना. माणसाला स्वतःच्या बापाविषयी विचार करायला वेळ लागतो, असं मी पाहिलंय.

“टोनी,” ते म्हणाले, “उन्हाळ्यात नळाला पानी किती दिसांनी येतं आपल्याकडं?”

“आलं तर आलं.”

“मग हिला खालीच ऱ्हाऊ दे. गुडघ्यापातुर. वर परातीवानी खोलगट कर. तुझी चांगली माती तिच्यावर घाल. जे पानी झिरपून खाली येईल ते ही आडवून धरील. वरनं आडवत व्हती, आता खालनं आडवील.”

“आणि जास्त झालं तर?” फेथनं विचारलं.

“फळीला भोक पाडा. परातीच्या जरा वर. जादाचं निघून जाईल. सोपं हाय.” मग साखरबाईकडं बघून, “माझा बाप काय येडा न्हवता.”

“बाप न्हवता,” साखरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझं पोट निम्मं रिकामं झालं. आबा स्वतः पाटी घेऊन आले. खालचा भाग ठेवला, त्याला परातीसारखा आकार दिला, तो मात्र त्यांनी हातानं थापून दिला, पायानं नाही. टोनीनं फळीला आणि फ्लेक्सला आरपार भोकं पाडली. एक भोक नेमकं दादांच्या गॉगलमधून गेलं.

परातीवर विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. त्यावर बाभळीच्या बारीक फांद्या. त्यावर पाचट. दौंडकडून उसाच्या गाड्या रस्त्यानं जातात, पाचट मागायलाही लागत नाही. त्यावर ओलं शेण, घरातली सालंटरफलं, फेथच्या दवाखान्यातून आणलेले पुठ्ठे. सगळ्यात वर दत्ताच्या शेळ्यांचं जुनं लेंडीखत आणि पोयटा, समसमान. आता अर्धंच पोट भरायचं होतं, म्हणून पोयटा थोडा लागला. दत्तानं तो टेम्पोच्या हौद्यात येताजाता आणला.

या वेळी कुणी तुडवलं नाही. एलिझाबेथबाईनं बोट घातलं तर ते मुळापर्यंत आत गेलं. तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर वर थांबलं आणि गेलं.

“गेलं,” ती म्हणाली. एवढंच.

मेथी टाकली. एका कडेला मुळ्याचं बी, एका कडेला धने. आणि मग सगळे वाट बघू लागले. मेथी आपल्या वेळेनं येते. तिला सणाची तारीख माहीत नसते. एलिझाबेथबाई सकाळी यायची, दुपारी यायची, फेथ ड्युटीवरून आल्यावर तिला घेऊन परत यायची. दिवाळीत पुन्हा एक अवकाळी सर आली. सगळी दारात धावली. भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर पडली आणि थांबली. साखरबाईनं पलीकडून विचारलं, “हौद का वाफा?” टोनी ओरडला, “वाफा!”

सणाच्या आदल्या दिवशी मुळे करंगळीएवढेच होते. ते एलिझाबेथबाईनं राहू दिले. मेथी मात्र पोटरीला लागली असती, कुणी माझ्यात उतरून उभं राहिलं असतं तर. पहाटे दव होतं तेव्हा तिनं उभ्यानं, एकेक मूठ धरून, मुळांसकट उपटली. फेथनं दोऱ्यानं जुड्या बांधल्या. टोपली भरली. तिनं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं आणि वॉकर घेऊन ती रिक्षात बसली. टोपली तिनं टोनीकडं दिली नाही, मांडीवर घेतली.

चर्चमध्ये मी गेलो नाही. मला पाय नाहीत. पण संध्याकाळी माझ्या कडेला इतकी माणसं टेकली की मला सगळं कळलं.

वेदीपुढं टोपली ठेवायला एलिझाबेथबाई स्वतः चालत गेली. वॉकरचा ठकठक आवाज सगळ्या चर्चमध्ये झाला आणि पाळकसाहेब तिची पायरी चढून होईपर्यंत प्रार्थना थांबवून उभे राहिले. लिलाव याकोबमामांनी पुकारला. ग्रेसबाई दौंडहून आली होती, तिनं पहिली बोली लावली. पाठीमागच्या बाकावरून दुसरी बोली आली. माणसं वळून बघू लागली. भिमाजीआबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते, शेजारी साखरबाई.

ग्रेसबाई वाढली. आबा वाढले. ती पुन्हा वाढली.

“अहो आबा, बहिणीच्या हातची भाजी हाय. दौंडहून आलेय मी.”

“आन् माझ्या बापाच्या घरावरची हाय. मी सोडनार न्हाई.”

“एकवार...” याकोबमामा म्हणाले आणि हसू आवरेना म्हणून थांबले. “आबा, घरावर मेथी कधीपासून पिकायला लागली?”

“यंदापास्नं.”

टोपली आबांनी घेतली. साखरबाई म्हणाली की एवढ्यात तोळाभर सोनं आलं असतं. ते खरं नाही, ती वाढवून सांगते.

पण खरी गोष्ट नंतर झाली. भक्ती सुटल्यावर बायका एलिझाबेथबाईभोवती जमल्या. सगळ्या तिच्या वयाच्या, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या हातात काठी. सगळ्यांचा एकच प्रश्न, खाली बसता येत नसताना केली कशी?

“उभ्यानं,” ती म्हणाली.

त्या सगळ्या घरी आल्या. रिक्षा करून, दत्ताच्या टेम्पोत खुर्च्या टाकून. एकेकीनं माझ्यात हात घातला. कोपरापर्यंत.  एकीनं तण नव्हतं तरी तण उपटल्यासारखं केलं. बऱ्याच वर्षांत जमिनीला हात न लागलेली माणसं अशी असतात.

ग्रेसबाईनं डोळे पुसले आणि टोनीला म्हणाली, “मला एक. दौंडला. आन् माझ्या शेजारणीला एक, तिचे दोन्ही गुडघे बदललेत. पण माप माझं घे, तुझ्या आईचं नको. मी उंच हाय.”

“मला पण.”

“मला आधी. मी सीनियर हाय.”

टोनी खिशात टेप शोधत होता. टेप फेथच्या हातात होती. ती आधीच एकीच्या मनगटाचं माप घेत होती.

त्याला आता बरेच महिने झाले. माझी सद्यस्थिती सांगायची तर पॅलेटचं लाकूड नरम असतं. पावसाच्या बाजूची एक फळी खालून कुजायला लागलीय आणि तिच्यातून दादांचा एक मित्र बाहेर डोकावतो. काही पावसाळ्यांनंतर टोनी मला नव्या फळ्या लावील. त्याचं मला दुःख नाही. फळी आज वाफा असते, उद्या खत होते.

उन्हाळा काढला. नळ आठवड्यातून कधीतरी यायचा, तेव्हा शेजारच्या कुंड्या माना टाकायच्या आणि माझ्यातली कोथिंबीर उभी असायची. खालची परात तिला पाजत होती. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून हे सांगायचे. त्यांच्या दारातला ढीग आता संपलाय. ज्या-ज्या बाईच्या अंगणात वाफा गेला, तिथं खालच्या थराला त्या ढिगातल्या पाट्या गेल्या. आबांचं जुनं घर शिरूर-दौंडच्या अंगणाअंगणात वाटलं गेलंय.

कंपनीच्या कंत्राटदाराचा फोन आला होता. टोनी तेव्हा टेम्पोत फळ्या भरत होता. “पुढच्या आठवड्यात बोलतो,” म्हणाला आणि दौंडला निघून गेला. पुढचा आठवडा अजून यायचाय. त्याच्या हाताखाली आता दोन माणसं आहेत, आणि ब्रेकवर बसलेल्यांपैकी आणखी दोघं विचारून गेलीत. फेथ सुटीच्या दिवशी मापं घ्यायला जाते, कारण म्हाताऱ्या टोनीपुढं सरळ उभ्या राहत नाहीत, लाजतात.

वाचणाऱ्या बायाबापड्यांनो, माझी एकच विनंती आहे. कुणासाठी वाफा बांधाल तर फळीपेक्षा पोटाकडं बघा. खाली काहीही घाला, फांद्या घाला, पाचट घाला, पुठ्ठे घाला, पण वरच्या मातीवर आधी तांब्याभर पाणी ओता आणि शेजारी बसून चहा प्या. चहा संपेपर्यंत पाणी गेलं पाहिजे. आणि तुडवू नका, कितीही मायेनं वाटलं तरी.

आत्ता सकाळ आहे. फेथची आज सुटी. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. एलिझाबेथबाई वॉकर घरातच ठेवून माझ्याजवळ आलीय. हल्ली ती नुसत्या काठीवर येते, आणि काठीही माझ्या कडेला अडकवून ठेवते. तिनं एक मुळा हलवून बघितला, आला नाही. दुसरा हलवला. तो आला, लांब, पांढरा, मातीनं भरलेला. तिनं तो पदराला पुसला, कचकन तोडला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला.

“तिखट हाय गं!” ती आत ओरडली. “दोन काढू का तीन?”

“पाच काढा, आई,” फेथ आतून म्हणाली. “आज आबा-साखरबाई पण जेवायला आहेत.”